संगीत नाटकांचे पुनरुज्जीवन

संगीत नाटकांचे पुनरुज्जीवन : प्रयोगपरंपरा खंडित झालेले किंवा क्षीण झालेले संगीत नाटक नव्या नटसंचात, शक्यतो मूळ पदांसह व मूळ चालींसह पुन्हा रंगभूमीवर आणणे. एखादी नाट्यसंस्था आपले नाटक वर्षानुवर्षे सलग करीत राहते, तेव्हा त्यास पुनरुज्जीवन म्हणत नाहीत. मूळ नटसंच विखुरल्यानंतर, बहुधा एक पिढी उलटून गेल्यावर, नाटकाची नव्याने उभारणी करावी लागते. तेव्हाच ही संज्ञा सार्थ ठरते. गद्य नाटकाची संहिता हाती असली की ते पुन्हा बसविता येते. संगीत नाटकाचे तसे नाही. त्याचा मोठा भाग छापील संहितेबाहेर, गायकनटांच्या गळ्यात व प्रेक्षकांच्या स्मरणात असतो. त्यामुळे या नाटकांचे पुनरुज्जीवन हा मुख्यतः गायकी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे पोहोचविण्याचा प्रश्न ठरतो.

पार्श्वभूमी : अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या शाकुंतल (१८८०) व सौभद्र (१८८२) या नाटकांनी मराठी संगीत रंगभूमीचा पाया घातला. देवलांचे शारदा (१८९९), खाडिलकरांची मानापमान (१९११) व स्वयंवर (१९१६) आणि गडकऱ्यांचे एकच प्याला (१९१९) ही त्या परंपरेतील प्रमुख नाटके होत. गोविंदराव टेंबे यांनी मानापमानला व भास्करबुवा बखले यांनी स्वयंवरला दिलेल्या चालींमुळे रागसंगीत सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचले [⟶ नाट्यसंगीत]. १९३२ मध्ये पहिला मराठी बोलपट प्रदर्शित झाला आणि पुढील काही वर्षांत बहुतेक मोठ्या नाट्यमंडळ्या कर्ज व घटते उत्पन्न यांमुळे बंद पडल्या. नाटके थांबली, तरी पदे थांबली नाहीत. ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी व गायनाच्या मैफली यांतून ती नाटकापासून सुटी होऊन घरोघरी गेली. नाटक न पाहताही त्यातील पदे पाठ असलेला श्रोतृवर्ग यातून निर्माण झाला. पुढील काळातील पुनरुज्जीवनांचा आधार हाच वर्ग होय.

पूर्वप्रयत्न : जयराम शिलेदार व जयमाला शिलेदार यांनी १९४९ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या ‘मराठी रंगभूमी’ या संस्थेने जुनी संगीत नाटके दीर्घकाळ चालू ठेवली. त्यांची कन्या कीर्ती शिलेदार यांनी हे कार्य २०२२ मधील आपल्या निधनापर्यंत पुढे नेले. केशवराव भोसले यांनी १९०८ मध्ये स्थापन केलेली ‘ललितकलादर्श’ ही संस्था भालचंद्र पेंढारकर यांनी अशीच टिकवून धरली. १९६० नंतर विद्याधर गोखले, वसंत कानेटकर आदींच्या नव्या संगीत नाटकांनी या रंगभूमीस दुसरा बहर आला. पदांची संख्या या नाटकांत बरीच घटली होती आणि प्रयोग एका सायंकाळी संपेल इतका आटोपशीर झाला होता. या दुसऱ्या बहरातील नाटकांवरही पुढे पुनरुज्जीवनाची वेळ आली.

पुनरुज्जीवनातील प्रश्न : पहिला प्रश्न चालींचा. जुन्या नाट्यपुस्तकांत पदाच्या शिरोभागी ‘चाल’ असे लिहून एखाद्या तत्कालीन परिचित गीताचा नुसता आरंभ दिलेला असतो. क्वचित राग व ताल यांचा निर्देश असतो. ते मूळ गीत विस्मृतीत गेले, की पद छापलेले असूनही मुके होते. पदाचे स्वरलेखन उपलब्ध असले, तरी त्यावरून केवळ आराखडा कळतो. गद्य वाक्याच्या कोणत्या शब्दावर ऑर्गनचा सूर मिळावा, पद किती फुलवावे आणि पुन्हा संवादावर कसे उतरावे, हे प्रत्यक्ष प्रयोगातूनच शिकावे लागते.

दुसरा प्रश्न कालावधीचा. शाकुंतल व सौभद्र यांत शंभराहून अधिक पदे होती आणि ‘वन्समोअर’च्या मागणीने प्रयोग रात्रभर लांबत. आज तीन तासांचा प्रयोग बसवावयाचा, तर पदे गाळावी लागतात. त्यांत कथानकाचा धागा सांभाळणारी साकी, दिंडी यांसारखी छोटी पदे आधी वगळली जातात व मैफलीत लोकप्रिय झालेली पदे राहतात. यामुळे नाटक हे गाण्यांच्या कार्यक्रमाजवळ सरकण्याचा धोका संभवतो.

तिसरा प्रश्न आवाजाचा. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचावा म्हणून गायकनट उंच पट्टीत गात. स्त्रीभूमिका पुरुष करीत असल्याने नायिकेच्या पदांची पट्टीही त्या गळ्यास अनुसरून ठरे. आज स्त्रीभूमिका स्त्रियाच करतात व ध्वनिक्षेपकही असतो. पट्टी बदलली, की पदाचा परिचित पोत बदलतो. जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकून आलेल्या श्रोत्याला हा बदल चटकन जाणवतो.

कट्यार काळजात घुसली : पुनरुज्जीवनाचे अलीकडील सर्वांत लक्षणीय उदाहरण या नाटकाचे असून त्याचा विदर्भाशी निकटचा संबंध आहे. नाटककार व दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर (१९२६–९९) हे नागपूरचे. तेथील ‘रंजन कला मंदिर’ या संस्थेचे ते प्रवर्तक होत. नाटकातील खाँसाहेबांची भूमिका गाजविणारे वसंतराव देशपांडे (१९२०–८३) यांचा जन्म अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे झाला आणि गायनाचे आरंभीचे शिक्षण नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे झाले. ‘नाट्यसंपदा’ या प्रभाकर पणशीकरांच्या संस्थेने २४ डिसेंबर १९६७ रोजी नाटकाचा पहिला प्रयोग केला. संगीत जितेंद्र अभिषेकी (१९२९–९८) यांचे होते. भार्गवराम आचरेकर, प्रसाद सावकार व फैयाज यांच्याही त्यात प्रमुख भूमिका होत्या.

दोन घराण्यांतील स्पर्धा हा नाटकाचा विषय असला, तरी त्याचे मर्म विद्या देण्याच्या व नाकारण्याच्या प्रश्नात आहे. पंडितजींचा शिष्य सदाशिव हा प्रतिस्पर्धी खाँसाहेबांची गायकी त्यांच्या नकळत, केवळ ऐकून आत्मसात करू पाहतो. विद्या घराण्याच्या मालकीची की ती कष्टाने मिळविणाऱ्याची, असा पेच त्यातून उभा राहतो.

२०१० मध्ये हे नाटक सुबोध भावे यांच्या दिग्दर्शनाखाली नव्याने रंगभूमीवर आले. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे व सदाशिवाच्या भूमिकेत महेश काळे होते. या संचात परंपरा पोहोचविण्याचे दोन भिन्न मार्ग एकत्र आले. राहुल देशपांडे यांचा जन्म १९७९ चा. आजोबांच्या निधनसमयी ते जेमतेम चार वर्षांचे होते. आजोबांकडून प्रत्यक्ष तालीम मिळणे त्यांना शक्य नव्हते. अन्य गुरूंकडे घेतलेले शिक्षण आणि आजोबांची उपलब्ध ध्वनिमुद्रणे यांच्या आधारे त्यांना त्या गायकीपर्यंत पोहोचावे लागले. महेश काळे हे उलट अभिषेकींचे प्रत्यक्ष शिष्य. नाटकात ऐकून शिकणारा सदाशिव असतो व गायकीचा स्वामी खाँसाहेब असतो. नव्या संचात खाँसाहेबांची भूमिका करणारा गायकच ऐकून शिकलेला होता. पुनरुज्जीवन हे मुळाची नक्कल असते की मुळातून उगवलेले नवे रोप, या प्रश्नाला या योगायोगाने रंगमंचावरच एक उत्तर मिळाले. वसंतरावांची तान हुबेहूब काढल्याने भूमिका सिद्ध होत नाही. ती तान त्या क्षणी खाँसाहेबाला का सुचावी, हे गायकाला पुन्हा शोधावे लागते.

१२ नोव्हेंबर २०१५ रोजी भावे यांच्याच दिग्दर्शनाखाली याच नाटकावरून तयार झालेला चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील गायनाबद्दल महेश काळे यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला. चित्रपटामुळे हे संगीत नव्या पिढीपर्यंत गेले. तथापि चित्रपट हे नाटकाचे माध्यमांतर होय, पुनरुज्जीवन नव्हे. २०२५ मध्ये प्रदर्शित झालेला संगीत मानापमान हा चित्रपटही याच वर्गात मोडतो. चित्रपटातील गाणे एकदा मुद्रित झाले, की कायमचे ठरते. नाटकातील पद मात्र प्रत्येक प्रयोगात नव्याने गावे लागते व ते कधी फसूही शकते.

वर्धा जिल्हा : मोठ्या शहरांबाहेरील प्रेक्षकाचा पुनरुज्जीवित नाटकाशी कोणता संबंध असतो, हे पाहण्यास वर्धा जिल्हा उपयुक्त आहे. मुंबई–नागपूर लोहमार्गावरील पुलगाव व वर्धा आणि वर्ध्याहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या मार्गावरील हिंगणघाट ही या जिल्ह्यातील कापूस-व्यापाराची ठिकाणे. नाट्यमंडळ्या पडदे, पेट्या व बिऱ्हाडासह रेल्वेने फिरत, त्या काळी कापूस विकून हाती पैसा येण्याचा हंगाम विदर्भातील दौऱ्यांना अनुकूल असे. मंडळ्या मोडल्यावर हा क्रम थांबला. १९४८ मध्ये नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यानंतर नाट्यपदे रेडिओवरून ऐकू येत राहिली; नाटक मात्र पुण्या-मुंबईची संस्था दौऱ्यावर आली तर, अन्यथा सुमारे ७५ किमी. वरील नागपूर गाठूनच पाहावे लागे. त्यामुळे येथील रसिकाचा अनुक्रम पुण्यातील रसिकाच्या उलट आहे. तेथे नाटक आधी व पदाची आठवण नंतर. येथे पद आधी पाठ आणि नाटक, लाभले तर, पुष्कळ नंतर. अशा प्रेक्षकाला पुनरुज्जीवित प्रयोगात पद प्रथमच आपल्या प्रसंगात भेटते आणि वर्षानुवर्षे गुणगुणलेल्या ओळी कोणी, कोणाला व कोणत्या वेदनेतून म्हटल्या, हे कळते.

जिल्ह्याच्या सार्वजनिक इतिहासाचाही या परंपरेशी धागा जुळतो. बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत एकत्र येऊन केलेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रसिद्ध प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी होता. त्या वेळी काँग्रेसचे खजिनदार असलेले जमनालाल बजाज (१८८९–१९४२) हे वर्ध्याचे होत. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचा तो एकत्रित प्रयोग आजही आदर्श म्हणून सांगितला जातो. केशवरावांचे त्याच वर्षी निधन झाल्याने त्याची आठवण अधिकच हृद्य झाली.

एकच प्याला या नाटकाला या जिल्ह्यात निराळा अर्थ प्राप्त होतो. राम गणेश गडकरी यांचे निधन नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे २३ जानेवारी १९१९ रोजी झाले. गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग त्यानंतर, फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्यास केला. मद्याने उद्ध्वस्त होणारा सुधाकर व त्याच्यासाठी सर्वस्व गमावणारी सिंधू यांची ही शोकांतिका आहे. गांधीजी व विनोबा यांच्या वास्तव्यामुळे वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. तिच्या परिणामकारकतेविषयी सतत चर्चाही होते. अशा ठिकाणी हे नाटक केवळ स्मृतिरंजन राहत नाही. मात्र सिंधूची निमूट पतिनिष्ठा आजच्या प्रेक्षकास, विशेषतः स्त्रियांस, तशीच स्वीकारणे जड जाते. येथे दिग्दर्शकापुढे दोन पर्याय असतात : संवादांत फेरफार करणे किंवा ते तसेच ठेवून सिंधूचे दुःख अधिक बोलके करणे. दुसरा पर्याय अवघड असला, तरी मूळ कृतीशी अधिक प्रामाणिक होय. कारण गडकऱ्यांनी सिंधूचा विनाश टाळलेला नाही. तो पाहून प्रेक्षकाने अस्वस्थ व्हावे, अशीच नाटकाची रचना आहे.

झाडीपट्टीची तुलना : वर्ध्याच्या पूर्वेस गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत झाडीपट्टी रंगभूमी आजही व्यावसायिक पायावर उभी आहे. दिवाळीनंतरच्या हंगामात गावोगावच्या मंडपांत रात्रभर प्रयोग होतात. वडसा हे या नाट्यमंडळ्यांचे प्रमुख केंद्र आहे. तेथील नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री पुरस्कार मिळाला. तेथील नाटकांतून गाणे कधीच हद्दपार झाले नाही. त्यामुळे पुनरुज्जीवनाची गरजही पडली नाही. अभिजात संगीत नाटकाच्या मानाने तेथील गायकी साधी असेल. पण नट, वादक, गाव व हंगाम यांची साखळी तुटलेली नाही. ही साखळी तुटली, की एखाद्या थोर गायकाच्या बळावर नाटक पुन्हा उभे राहते व तो गायक अन्यत्र गुंतला, की पुन्हा थांबते. पुण्या-मुंबईतील अनेक पुनरुज्जीवनांची हीच मर्यादा ठरली.

पुनःप्रेक्षक : आवडते नाटक पुन्हा पाहावयास येणारा प्रेक्षक एकाच वेळी दोन प्रयोग पाहत असतो : एक समोरचा व दुसरा स्मरणातील. स्मरणातील प्रयोगात नट तरुण असतो, तान चुकत नाही आणि प्रेक्षकाचे स्वतःचे गेलेले दिवसही मिसळलेले असतात. त्याच्याशी तुलना केल्यास कोणताही नवा नट उणाच ठरेल. जाणता रसिक ही तुलना टाळू शकत नाही. परंतु तिचे रूपांतर तो जाणकारीत करतो. कोठे काय गाळले, कोणती जागा नव्याने भरली, हे त्यालाच कळते आणि तेच तो शेजारी बसलेल्या मुलाला किंवा नातवाला सांगू शकतो. नव्या प्रेक्षकाजवळ अशी स्मृती नसते. पण पहिल्या भेटीचा ताजेपणा असतो. दोन्ही वर्ग एकाच प्रेक्षागृहात उपस्थित असणे, हे पुनरुज्जीवनाच्या यशाचे खरे गमक होय.

मूल्यमापन : पुनरुज्जीवनांमुळे जुनी पदे पुन्हा प्रसंगाशी जोडली गेली व तरुण गायकांना अभिनयाकडे वळण्याची प्रेरणा मिळाली, ही त्यांची मोठी फलश्रुती. पण केवळ नामवंत पदांवर भिस्त ठेवणे, गद्य भागाकडे दुर्लक्ष करणे आणि प्रयोग मोजक्या शहरांपुरते मर्यादित राहणे, हे दोष त्यांत वारंवार आढळतात. मूळ प्रयोग पाहिलेल्या व त्यांत काम केलेल्या व्यक्तींची संख्या झपाट्याने घटत आहे. त्या हयात असतानाच पद, संवाद व साथसंगत यांची एकत्रित तालीम नव्या पिढीस मिळाली नाही, तर पुढील काळात ध्वनिमुद्रणे शिल्लक राहतील. पण ती ऐकून त्यांमागील नाटक ओळखणारे कोणी उरणार नाही.