जुन्या पाळण्याला नवे रूप देताना

मुलगी बाळंतपणासाठी माहेरी येणार असे ठरले की मलकापूर परिसरातील अनेक घरांत माळ्यावरचा लाकडी पाळणा खाली उतरविला जातो. घरातील दोन पिढ्या त्यात वाढलेल्या असतात. दर खेपेस त्यावर तैलरंगाचा एकेक हात चढलेला असतो. याही खेपेस ओसरीत बसून जुना रंग काचपेपरने घासून काढावा आणि नवा द्यावा, असा साधा बेत होतो. ही हौस कौतुकास्पद आहे. परंतु कामाची सुरुवात ज्या घासण्याने होते, तेथेच खरा धोका असतो.

पूर्वीच्या तैलरंगांत रंगाची गडदता, टिकाऊपणा आणि लवकर सुकणे यांसाठी शिशाची संयुगे मिसळली जात. पिवळ्या, नारिंगी व हिरव्या रंगांत हे प्रमाण अनेकदा अधिक असे. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून अंमलात आले. म्हणजेच त्यापूर्वी रंगविलेला पाळणा, पाट, पेटी किंवा दरवाजा यांत शिसे असू शकते, असे धरूनच चालावे. कोरडे घासताना उडणारी धूळ श्वासावाटे व हातावाटे शरीरात जाते. गिळलेले शिसे मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या शरीरात चार-पाच पट अधिक शोषले जाते आणि त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो. आईच्या हाडांत साठलेले शिसे गर्भापर्यंत पोहोचते. ज्या बाळासाठी पाळणा सजवायचा, त्याच्याच जन्माआधी ही धूळ घरभर पसरावी, हे कोणत्याही घराला परवडणारे नाही.

म्हणून जुना तैलरंग कोरडा घासू नये आणि दिव्याच्या ज्योतीने जाळून तर मुळीच काढू नये. जाळल्याने शिशाची वाफ होते. काम घराबाहेर करावे. खाली प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरावा, रंग पाण्याने सतत भिजवत पात्याने खरवडावा आणि निघालेले पोपडे त्या कागदातच गुंडाळून बांधावेत. ते चुलीत किंवा शेणखताच्या उकिरड्यावर टाकू नयेत. गरोदर स्त्रिया व मुले यांना काम संपून जागा ओल्या फडक्याने दोनदा पुसली जाईपर्यंत तेथे येऊ देऊ नये. पाळण्याचा कठडा नक्षीदार असून खाचाखाचांत रंग बसलेला असेल, तर तो पूर्णपणे निघणे कठीण असते. असा पाळणा शोभेसाठी ठेवून बाळासाठी सुताराकडून साधा नवा पाळणा करून घेणे अधिक शहाणपणाचे.

लेप ओळखण्याची रीत

सर्वच जुन्या वस्तूंवर तैलरंग नसतो. वऱ्हाडातील जुन्या धाब्याच्या घरांत सागवानाचे खांब, कपाटे व पेट्या आजही आढळतात. मेळघाट व सातपुड्याचे सागवान या भागास जवळचे. त्यांपैकी पुष्कळ वस्तूंवर लाखेचे पॉलिश असते. ते ओळखण्यासाठी वस्तूच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरीटमध्ये भिजविलेला कापसाचा बोळा काही मिनिटे ठेवावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश होय. काहीच फरक पडला नाही तर तैलरंग किंवा आधुनिक वॉर्निश समजावे.

लाखेच्या पॉलिशचा मोठा गुण असा की ते सबंध खरवडून काढावे लागत नाही. नवा हात जुन्या थराला विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. वस्तू आधी ओलसर फडक्याने पुसून पूर्ण वाळवावी. सांधे ढिले झाले असतील तर खिळा ठोकण्याचा मोह टाळावा. खिळ्याने लाकूड फुटते व तेथे गंज उतरतो. जुन्या सांध्यांतील सरस कोमट पाण्याने मऊ होतो. तो काढून नव्याने चिकटवून दोरीने आवळून एक दिवस ठेवावे. त्यानंतर बारीक काचपेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावा. आडवा फिरविल्यास पडलेले ओरखडे पॉलिशखाली अधिकच उठून दिसतात.

एक लिटर स्पिरीटमध्ये सुमारे १५० ग्रॅम चपडी लाख रात्रभर विरघळू द्यावी आणि मिश्रण मलमलीतून गाळावे. जुन्या मऊ सुती कपड्यात कापूस गुंडाळून केलेल्या पुरचुंडीने पातळ हात द्यावेत. एका जाड हातापेक्षा सहा पातळ हात केव्हाही चांगले. हवामानाचाही येथे विचार करावा लागतो. पावसाळ्यात हवेतील दमटपणा थरात अडकून पांढुरके डाग पडतात, तर मलकापूरच्या वैशाखातील उन्हात स्पिरीट इतके भराभर उडते की पुरचुंडीचे वळ तसेच राहतात. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ या कामास सर्वांत अनुकूल. रंग वगैरे न मिसळलेली लाख सुकल्यावर निर्धोक असते. औषधी गोळ्यांवर व मिठाईवरही तिचा लेप देतात. उघड्या लाकडाच्या पाळण्यास ती म्हणूनच योग्य. मात्र गरम चहाचा कप ठेवल्यास तिच्यावर पांढरे वर्तुळ उमटते, हे टेबलाच्या बाबतीत लक्षात ठेवावे.

काही घरांत लाकडाला जवसाचे तेल देण्याची पद्धत आहे. तेही चांगले, परंतु तेल मुरल्यावर वर राहिलेले पुसून घेतले नाही तर महिनाभर चिकटपणा जात नाही. यातील एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. जवसाचे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि तेलाने माखलेल्या फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकल्यास तो आपोआप पेट घेऊ शकतो. अशी फडकी पाण्यात बुडवून ठेवावीत किंवा मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवावीत. कापसाच्या गंजीजवळ तर ती नकोतच.

पितळी पातेली

पाळण्याबरोबर माळ्यावरून पितळी पातेलीही खाली येतात. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक, चिंच किंवा टोमॅटो शिजवू नये. आंबटाने तांबे विरघळून अन्नात उतरते. कल्हई करताना पातेले तापवून नवसागर टाकतात, वर कथील फिरवतात आणि कापसाने पसरतात. कथील शुद्ध असावे. शिसे मिसळलेले कथील स्वस्त पडते, पण पाळण्यापासून दूर ठेवलेले तेच शिसे ताटात येते. शुद्ध कथलाची कांडी वाकविली असता कुरकुर असा आवाज येतो. ती कागदावर ओढल्यास गडद करडी रेघ उमटली तर कांडी घेऊ नये. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे कल्हईचे रिकामे पातेले गॅसवर विसरले तर कल्हई जागच्या जागी ओघळते.

या कामांतील जाणकार हात कमी होत चालले आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतार व शिंपी यांचा समावेश आहे. त्यांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने कर्ज अशा सोयी आहेत. कल्हईवाल्यांचा व्यवसाय मात्र या यादीत नाही, ही उणीव जाणवते.

पाळण्यातील गोधडीसाठी बहुवार वापरून मऊ झालेली सुती लुगडी उत्तम. ती उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत आणि टाके इतके जवळ घालावेत की बाळाचे बोट दोऱ्यात अडकणार नाही. शेवटी पाळणा टांगण्यापूर्वी कड्या, आकडे व दोर तपासावेत. जुना दोर बाहेरून धड दिसला तरी आतून कुजलेला असू शकतो, तो बदलावाच. नव्या दोरावर पाळणा टांगून त्यात वीस किलो ज्वारीची गोणी एक रात्र ठेवावी आणि सकाळी आकडा जराही सरकला आहे काय, हे पाहावे.