वारेत दडलेला हिवताप

परजीवींच्या जगात : लेखांक ६

हिवतापाचा सर्वांत घातक परजीवी म्हणजे प्लाझ्मोडियम फाल्सिपॅरम. तो तांबड्या पेशीत शिरला की पेशीच्या पृष्ठभागावर चिकट प्रथिनं उभी करतो आणि रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बसतो, हे गेल्या आठवड्यात आपण पाहिलं. वाहत राहिला तर प्लीहा त्याला गाळून नष्ट करील, म्हणून ही धडपड. आज पाहायचं ते हे की बाईला दिवस गेले की तो नेमका कुठे जाऊन बसतो.

केनियाच्या पश्चिम भागात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, हिवताप बारमाही असतो. तिथली मुलं लहानपणापासून तो सोसतात आणि वाचलेल्यांच्या अंगी मोठेपणी बरीच प्रतिकारशक्ती येते. पण तिथल्याच धडधाकट तरुणी पहिलटकरीण झाल्या की हिवताप त्यांना पुन्हा गाठायचा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्रास कमी व्हायचा. गरोदरपणात प्रतिकारशक्ती मंदावते, एवढ्यानं याचा उलगडा होत नव्हता, कारण तसं असतं तर प्रत्येक खेपेला धोका सारखाच राहायला हवा होता.

उत्तर सापडलं ते वारेत. बाळंतपणानंतर वार पुरली जाते किंवा टाकून दिली जाते. मिखाल फ्राइड आणि पॅट्रिक डफी यांनी किसुमू भागातल्या बाळंतिणींच्या वारेतलं रक्त मिळवलं आणि त्यातल्या परजीवीग्रस्त पेशी वेगळ्या काढल्या. प्रयोगाची रीत सोपी होती. शरीरातले निरनिराळे रेणू प्लास्टिकच्या बशीत लेपायचे, त्यावर या पेशी सोडायच्या, न चिकटलेल्या धुऊन काढायच्या आणि उरलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. गरोदर नसलेल्या रुग्णांचे परजीवी बहुधा सीडी३६ नावाच्या रेणूला चिकटले. वारेतल्या परजीवींनी मात्र त्याकडे पाठ फिरवली आणि कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए ही एकच शर्करासाखळी धरली. १९९६ साली हे ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं.

वारेचे अंकुर आईच्या रक्तात बुडालेले असतात आणि त्यांच्यावर ही शर्करासाखळी विशिष्ट रूपात असते. बाईच्या शरीरात असा पृष्ठभाग पहिल्या गरोदरपणातच प्रथम तयार होतो. त्याला धरून वाढणारा परजीवी तिच्या प्रतिकारशक्तीनं कधी पाहिलेलाच नसतो. लहानपणापासून कमावलेली प्रतिपिंडं त्याला ओळखत नाहीत. एक-दोन बाळंतपणं झाली की नवी प्रतिपिंडं तयार होतात. १९९८ साली याच संशोधकांनी दाखवलं, की अनेक बाळंतपणं झालेल्या स्त्रियांचं रक्तद्रव परजीवीला वारेच्या त्या रेणूला चिकटू देत नाही. आफ्रिकी स्त्रियांच्या प्रतिपिंडांनी आशियातले परजीवीही रोखले. ज्या प्रथिनानं परजीवी ही पकड घेतो, ते व्हीएआर२सीएसए, २००३ साली कोपनहेगनमधल्या अली सलांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखलं.

या पकडीची किंमत आई आणि बाळ दोघांनाही मोजावी लागते. परजीवींमागोमाग पांढऱ्या पेशी वारेत गर्दी करतात, दाह होतो, बाळाकडे जाणारं पोषण घटतं. आईला रक्तक्षय होतो. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मतं, कधी मृतही. प्रतिकारशक्ती असलेल्या बाईला यात ताप येईलच असं नाही. बोटातून घेतलेल्या रक्ताची काचपट्टी स्वच्छ दिसते, कारण परजीवी वारेत ठाण मांडून असतात. प्रसूतीनंतर वारेचा पातळ छेद तपासला की त्यांचं तपकिरी रंगद्रव्य दिसतं, पण तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं.

म्हणूनच आफ्रिकेतल्या हिवतापग्रस्त भागांत जागतिक आरोग्य संघटना तपासणीवर विसंबून राहत नाही. दुसऱ्या तिमाहीपासून, किमान महिन्याच्या अंतरानं, सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिनचे निदान तीन डोस आणि औषधभारित मच्छरदाणी, असा तिचा सल्ला आहे. पॅमव्हॅक आणि प्रिमव्हॅक या दोन लशींच्या सुरुवातीच्या चाचण्या झाल्या आहेत. लशीत वापरलेल्या वाणाविरुद्ध प्रतिपिंडं चांगली तयार झाली, इतर वाणांविरुद्ध मात्र कमी. बाळंतपणं जे साधतात, ते लशीला अजून पूर्णपणे साधलेलं नाही.

आपल्याकडे गडचिरोलीच्या भामरागड, एटापल्ली, धानोरा या जंगलपट्ट्यांत फाल्सिपॅरम ठाण मांडून आहे. आफ्रिकेसारखे प्रतिबंधक डोस देण्याचं धोरण भारतात नाही. इथे भर आहे तो लवकर तपासणी आणि लगेच उपचार यांवर. जिथे हिवताप अधूनमधून येतो तिथे मोठ्यांच्या अंगीही पुरेशी प्रतिकारशक्ती नसते, म्हणून कितव्याही खेपेची गरोदर बाई गंभीर आजारी पडू शकते. अशा भागात गरोदर बाईला ताप आला तर ‘बघू दोन दिवस’ म्हणणं धोक्याचं आहे. त्याच दिवशी आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावं, निदान झाल्यास औषधाचा पूर्ण क्रम घ्यावा आणि रात्री मच्छरदाणीतच झोपावं. २०२२ पासून आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन पहिल्या तिमाहीतही वापरायला जागतिक आरोग्य संघटनेनं संमती दिली आहे. उपचाराच्या भीतीपोटी आजार अंगावर काढण्याचं कारण त्यामुळे उरलेलं नाही.

किसुमूच्या बाळंतिणींनी दिलेल्या वारांमुळे हे सारं उमगलं. त्या ज्ञानाचा पहिला हक्क अशाच दुर्गम वस्त्यांतल्या पहिलटकरणींचा आहे. गोळी आणि मच्छरदाणी त्यांच्या दारापर्यंत पोचवायला कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.

पुढील लेखांकात : टॉक्सोप्लाझ्मा, मांजर आणि गरोदरपणातल्या ‘टॉर्च’ तपासणीचा खरा अर्थ.