लिंकचं वजन

एखाद्या वेबसाइटच्या लिंका तपासायच्या असल्या की मी गुगल सर्च कन्सोलमधला लिंकांचा अहवाल उघडते. किती लिंका आल्या हे नंतर. आधी बघते, लोकांनी लिंक कुठल्या शब्दांवर दिली आहे. परवा दापोली तालुक्यातल्या एका होमस्टेची साइट समोर होती. यादीत ‘बेस्ट होमस्टे इन कोकण’ हेच शब्द पुन्हापुन्हा, आणि लिंक देणाऱ्या साइट कुठल्या, तर औषधं विकणाऱ्या, जुगाराच्या, परदेशी फर्निचरच्या. मालकांना कुणीतरी पैसे घेऊन ‘लिंका करून’ दिल्या होत्या. मनापासून शिफारस करणारी माणसं इतकी एका सुरात बोलत नाहीत. कुणी घराचं नाव लिहितं, कुणी ‘आम्ही उतरलो ती जागा’ म्हणतं, कुणी नुसता पत्ता चिकटवतं.

लिंक म्हणजे शिफारस, या विचारावरच गुगल उभं राहिलं. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना १९९८ साली मांडलेल्या पेजरँकमध्ये पानाचं वजन त्याच्याकडे येणाऱ्या लिंकांवरून ठरतं, आणि ते पान स्वतःचं वजन बाहेर जाणाऱ्या लिंकांमध्ये वाटून देतं. शेकडो धंद्यांची यादी असलेल्या डिरेक्टरीतून एकेकाच्या वाट्याला चिमूटभरच येतं, ते यामुळे.

शिफारशीला भाव आला तसा तिचा बाजारही भरला. २००५ मध्ये ‘नोफॉलो’ आलं: लिंक आहे, पण तिची हमी आम्ही घेत नाही, असं सर्च इंजिनला सांगणारी खूण. २०१२च्या पेंग्विन अपडेटनं विकतच्या लिंकांवर वर चढलेल्या साइट खाली ओढल्या. २०१६ पासून पेंग्विन अशा लिंका बहुतेक वेळा हिशेबातच धरत नाही. २०१९ मध्ये जाहिरातीच्या लिंकांसाठी ‘स्पॉन्सर्ड’ ही वेगळी खूण आली आणि नोफॉलो हा आदेश न राहता इशारा झाला.

त्या बाजारी लिंकांच्या गर्दीत एक लिंक वेगळी होती. आंजर्ल्याला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघून आलेल्या कुणीतरी लिहिलेला प्रवासलेख. मी पानाचा सोर्स उघडला. लिंक तळाच्या पट्टीत नव्हती, बाजूच्या रकान्यातही नव्हती. पहाटे किनाऱ्यावर कसं पोचलो हे सांगणाऱ्या परिच्छेदात, वाक्याच्या ओघात होती. नोफॉलो नाही. आजूबाजूला सगळा मजकूर कासवांचा, किनाऱ्याचा, मुक्कामाचा. अशी एक लिंक मला त्या सगळ्या विकतच्या ढिगापेक्षा मोलाची वाटते, कारण वाचणारा माणूस तिच्यावर खरोखर क्लिक करतो.

मी क्लिक केलं, आणि समोर ‘४०४, पान सापडलं नाही’. साइट नव्यानं बांधताना पानांचे पत्ते बदलले होते. जुन्या पत्त्यांचा विचार कुणी केलाच नव्हता. साइटला मिळालेली सगळ्यात खरी शिफारस रिकाम्या जागी जाऊन आदळत होती. याचं मला फार वाईट वाटलं.

मालकांचा फोनवर पहिला प्रश्न, “मॅडम, त्या घाणेरड्या लिंका काढायच्या ना?” त्या नाकारण्यासाठी गुगलचं डिसअव्हाव नावाचं साधन आहे, पण बहुतेक साइटना त्याची गरज पडत नाही, असं गुगलच सांगतं. यांच्या साइटवर गुगलकडून कारवाईची सूचनाही आलेली नव्हती. त्या तशाच राहू दिल्या. जुन्या पत्त्यावरून नव्या पानाकडे ३०१ रिडायरेक्ट लावलं, आणि त्या पानावरून खोल्या, रस्ता आणि कासवांचा हंगाम या पानांना साध्या शब्दांत लिंका दिल्या. आता गुगलचा बॉट तो प्रवासलेख पुन्हा वाचेल, तेव्हा पुढचं.