शुभ्र दातांमागची कळ

लग्नसराई जवळ आली की दातांच्या दवाखान्यात एक वेगळीच गर्दी दिसू लागते. या मंडळींचे दात दुखत नसतात, किडलेलेही नसतात. ते फोटोत पांढरे दिसले की झालं. ब्लीचिंग करून माणूस खुशीत घरी येतो आणि रात्री फ्रीजमधल्या पाण्याचा पहिला घोट घेतो. पुढच्या दातातून अशी काही कळ जाते की पेला तसाच हातात राहतो. मग घरच्यांचे, मित्रांचे सल्ले सुरू होतात. त्यांतले काही निरुपयोगी असतात, काही चक्क नुकसान करणारे.

गैरसमज : कळ आली म्हणजे दाताचं वरचं कवच विरघळलं.

वस्तुस्थिती : इनॅमल या वरच्या कवचात मज्जातंतू नसतातच, त्यामुळे ते दुखत नाही. त्याखालच्या डेंटिनमध्ये द्रवाने भरलेल्या असंख्य सूक्ष्म नळ्या असतात आणि त्या आतल्या जिवंत गाभ्याकडे जातात. गार पाणी लागलं की नळ्यांतला द्रव हलतो, तो धक्का मज्जातंतूंना बसतो आणि कळ जाते. स्वीडनचे दंतशास्त्रज्ञ ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून हे स्पष्टीकरण पुढे आलं. ब्लीचिंगमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा रेणू इतका लहान असतो की तो काही मिनिटांत कवच आणि डेंटिन पार करून गाभ्यापर्यंत पोचतो. तिथे थोडा दाह होतो आणि दात काही दिवस हळवा होतो. कवच झिजल्याची ती खूण नाही.

गैरसमज : जेवढी कळ जास्त, तेवढे दात पांढरे. सोसायलाच हवं.

वस्तुस्थिती : कळेचा आणि शुभ्रतेचा असा हिशोब नाही. घरी रात्री दातांवर बसवायच्या ट्रेमध्ये घालून वापरायच्या जेलमध्ये बहुधा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड असतं. त्यातून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. दवाखान्यात खुर्चीत बसवून लावतात ते २५ ते ४० टक्क्यांपर्यंत तीव्र असतं. तीव्र जेल लवकर काम करतं, पण दात जास्त हळवे करतं. सौम्य जेलला दिवस लागतात, तरी शेवटी येणारी छटा जवळपास तीच असते. जेलवर सोडलेल्या निळ्या प्रकाशाने फारसा फरक पडत नाही. दिव्याच्या उष्णतेने मात्र कळ वाढू शकते. युरोपीय संघात २०१२पासून ०.१ ते ६ टक्के पेरॉक्साइडची उत्पादनं फक्त दंतवैद्यांमार्फत मिळतात आणि १८ वर्षांखालच्यांसाठी ती वापरता येत नाहीत.

गैरसमज : एकदा दात हळवे झाले की कायमचे झाले.

वस्तुस्थिती : हा त्रास बहुधा पहिल्या काही दिवसांत सुरू होतो आणि जेल थांबवल्यावर काही दिवसांत ओसरतो. दोन-तीन दिवस खंड पाडणं, मग एक दिवसाआड जेल लावणं, ट्रे कमी वेळ ठेवणं, जेलचं प्रमाण कमी करणं, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. या काळात बर्फाचा गोळा, थंड सरबत, कैरी-चिंच दूर ठेवा. मात्र एकच दात ठणकत असेल, गरम चहानंतर दुखणं रेंगाळत असेल किंवा दुखण्याने झोपमोड होत असेल, तर त्याचं खापर ब्लीचिंगवर फोडून बसू नका. तिथे कीड, तडा किंवा गळका भराव असू शकतो. तो दात दंतवैद्यांना दाखवा.

गैरसमज : सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट दुखेल तेव्हा लावली की पुरे.

वस्तुस्थिती : अशा अनेक पेस्टमध्ये ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असतं. ते मज्जातंतूंना शांत करतं, पण नुसत्या ब्रशने त्याचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून ब्लीचिंगच्या दोन आठवडे आधीपासून ही पेस्ट दोन्ही वेळा वापरावी. ब्रश मऊ असावा. घासून झाल्यावर फेस थुंकावा. लगेच खळखळून चुळा भरल्या तर औषध पाण्याबरोबर जातं. पोटॅशियम नायट्रेट किंवा फ्लोराइडचं जेल ट्रेमध्ये घालून १० ते ३० मिनिटं ठेवण्याचाही उपाय असतो. तो दंतवैद्यांना विचारून करावा.

गैरसमज : केमिकलपेक्षा लिंबू, मीठ, कोळसा बरा.

वस्तुस्थिती : लिंबाच्या रसाचा पीएच २ ते ३च्या आसपास असतो आणि ५.५च्या खाली गेलं की इनॅमल विरघळू लागतं. कोळसा आणि मिठाचे कण तेच कवच खरवडतात. कवच पातळ झालं की खालचं पिवळसर डेंटिन जास्त दिसतं. म्हणजे दात पिवळेही होतात आणि हळवेही. पेरॉक्साइडची कळ जाते, गेलेलं कवच परत येत नाही. मशेरी तर तंबाखूच आहे: दात डागाळणारी आणि तोंडाच्या कर्करोगाकडे नेणारी.

गैरसमज : ब्लीचिंग कुणाचेही दात सारखे पांढरे करतं.

वस्तुस्थिती : कॅप आणि सिमेंटचे भराव यांचा रंग बदलत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत अनेक गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्यामुळे दातांवर पडलेले पांढरे-तपकिरी डाग नुसत्या ब्लीचिंगने जात नाहीत. पांढरे ठिपके तर सुरुवातीला अधिकच उठून दिसतात. कीड, उघडी पडलेली मुळं, सुजलेल्या हिरड्या असतील तर आधी त्यांवर उपचार हवेत, नाहीतर कळ ठरलेलीच. आणि नुसती दातांची सफाई म्हणजे ब्लीचिंग नव्हे. सफाईने दातांवर साचलेला थर आणि डाग निघतात, दाताचा मूळ रंग तोच राहतो.

ही कळ बऱ्याचदा घाईची असते. लग्नाला आठ दिवस उरले असताना सर्वांत तीव्र जेल मागितलं जातं, तिथेच त्रास सुरू होतो. म्हणून तारखेपासून उलटं मोजा. शेवटचा आठवडा दातांच्या विश्रांतीला सोडा, त्याआधीचे तीन आठवडे सौम्य जेलला द्या आणि त्याही आधीचे दोन पेस्टला. हळदीच्या दीड महिना आधी दंतवैद्यांकडे जा. मग मांडवात गार मठ्ठाही सुखाने पिता येईल.