जागा चुकलेली धावपट्टी

२४ सप्टेंबर १९७२ रोजी सकाळी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ जातीचे एक प्रवासी विमान मुंबईला आले. उतरायचे होते सांताक्रूझला, उतरले मात्र जुहूला. जुहूची धावपट्टी सव्वा किलोमीटरहूनही आखूड, लहान विमानांपुरती. विमान तिच्या टोकापलीकडे गेले आणि पुन्हा उडण्याच्या लायकीचे राहिले नाही. कोणी दगावले नाही, एवढेच सुदैव. याच जुहूवर जुलै १९५३ मध्ये एका ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट असेच चुकून उतरले होते. ते मात्र काही दिवसांनी तिथूनच सुखरूप उडवून नेता आले.

हे वैमानिक अनुभवी होते. मग ज्याच्या नावावर जेमतेम चाळीसएक तासांचे उड्डाण जमा आहे आणि जो विमानात एकटाच बसला आहे, अशा विद्यार्थ्याचे काय होत असेल?

वैमानिकाचा परवाना मिळवायचा तर शिक्षकाला सोबत न घेता लांबचे उड्डाण करून दाखवावे लागते. खाजगी परवान्यासाठी अमेरिकेत किमान १५० सागरी मैलांचे, म्हणजे सुमारे २७८ कि.मी.चे एकल उड्डाण करावे लागते आणि त्यात तीन ठिकाणी उतरून पूर्ण थांबावे लागते. आंतरराष्ट्रीय नियमही साधारण असाच आहे. या उड्डाणात विद्यार्थ्याने परका विमानतळ आपला समजणे ही वैमानिकी शिकवणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीची चूक आहे. ती केवळ वेंधळेपणामुळे होते असे म्हणून सोडून देता येत नाही. तिच्यामागे थोडे गणित आहे, थोडे हवामानशास्त्र आहे आणि बरेचसे मानसशास्त्र आहे.

आधी गणित पाहू. समजा, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या सपाट मैदानावरून एक विद्यार्थिनी दक्षिणेकडे निघाली आहे. विमानाचा वेग ताशी १०० सागरी मैल आणि मुक्कामाचे गाव ६० सागरी मैलांवर. वारा पश्चिमेकडून ताशी १५ सागरी मैल वाहील असा अंदाज होता. त्यानुसार तिने विमानाचे नाक साडेआठ अंश पश्चिमेकडे, म्हणजे उजवीकडे, वळवून ठेवले. सदिशांची बेरीज तिने बरोबर केली. प्रत्यक्षात वारा निघाला ताशी २५ सागरी मैलांचा. सुमारे ३६ मिनिटांनी ती नियोजित मार्गाच्या ६ सागरी मैल, म्हणजे ११ कि.मी., पूर्वेला असेल.

यातली खरी मेख वेगळीच आहे. आडव्या वाऱ्याने विमान बाजूला ढकलले जाते, पण दक्षिणेकडे जाण्याचा त्याचा वेग तेवढाच राहतो. त्यामुळे घड्याळ काहीच तक्रार करत नाही. छत्तिसाव्या मिनिटाला गाव दिसायला हवे होते आणि छत्तिसाव्या मिनिटाला एक गाव दिसतेसुद्धा! फक्त ते शेजारचे असते.

वैमानिक यासाठी एक सोपा हिशेब वापरतात: ६० मैल गेल्यावर एक अंशाची चूक म्हणजे एक मैलाची चूक. ६० हाच आकडा का, हे मुलांना विचारून पाहावे. एक रेडियन म्हणजे ५७.३ अंश, हे ज्यांना केवळ पाठ आहे त्यांना त्याचा उपयोग इथे कळेल. विमानातला दिशादर्शक गायरो हळूहळू सरकत असतो. दर पंधरा मिनिटांनी तो होकायंत्राशी जुळवून घ्यायचा असतो. एकट्या विद्यार्थ्याच्या हातून हे काम सहज राहून जाते आणि वाऱ्याच्या चुकीत आणखी चार-पाच अंशांची भर पडते.

आता शेजारच्या गावाचा विमानतळही आपल्या गावच्यासारखाच का दिसावा? विमान वाऱ्याच्या तोंडाशी उतरवतात, म्हणून धावपट्टी त्या प्रदेशात वर्षभर मुख्यतः वाहणाऱ्या वाऱ्याच्या दिशेने आखतात. शेजारच्या दोन गावांवरून वारा एकच वाहतो, तेव्हा त्यांच्या धावपट्ट्याही बहुधा समांतर असतात. कॅन्ससमध्ये दक्षिणेकडून आणि उत्तरेकडून येणारे वारे जास्त, म्हणून तिथे उत्तर-दक्षिण धावपट्ट्या पुष्कळ. धावपट्टीवर रंगवलेला क्रमांक म्हणजे तिच्या चुंबकीय दिशेचे अंश भागिले दहा. म्हणजे हा क्रमांक दिशा सांगतो, गाव सांगत नाही. जुहूच्या धावपट्टीचे क्रमांक ०८ आणि २६ आहेत, सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीचे ०९ आणि २७. समुद्राकडून येणाऱ्याला जुहू आधी लागते.

बाकीच्या खुणांचीही तीच कथा. या मैदानावर एकेक मैलाच्या चौकोनात रस्ते आखलेले आहेत. गावोगावी पाण्याची उंच टाकी, धान्याची उंच कोठारे आणि जवळून जाणारा लोहमार्ग. विद्यार्थिनीच्या यादीतल्या चारपैकी तीन खुणा पटतात. चौथी खूण, म्हणजे गावाच्या वायव्येचे तळे, दिसत नाही. ते आटले असेल किंवा झाडांआड गेले असेल, असे ती स्वतःला समजावते. अर्धा तास मनावर ताण घेऊन शोधत असलेली वस्तू समोर आली की मन सुटकेचा निःश्वास टाकते आणि मग पुरावा तपासण्याऐवजी त्याची वकिली करू लागते. प्रयोगशाळेत आमचेही असे होते. अपेक्षित आकडा आला की उपकरण बरोबर चालते आहे असे आपण मानतो. उपकरणाची तपासणी करतो ती आकडा चुकला तरच.

चुकून उतरले तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. अमेरिकेतल्या बहुतेक लहान विमानतळांवर नियंत्रण मनोरा नसतो. तिथे येणारा प्रत्येक वैमानिक विमानतळाचे नाव घेऊन आपण कुठे आहोत, कुठे वळतो आहोत हे रेडिओवर सांगतो आणि इतर ते ऐकून अंतर राखतात. आपली विद्यार्थिनी भलत्याच गावाचे नाव घेते आहे, कदाचित भलत्याच कंप्रतेवर. ज्या विमानांच्या मध्ये ती शिरते आहे त्यांना तिचा पत्ताच नाही.

म्हणून शिक्षक एक क्रम घोटून घेतात: आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. वेळेवरून नकाशात आपली जागा ठरवायची, तिथे कोणत्या खुणा असायला हव्यात ते वाचायचे आणि मगच खाली पाहायचे. आधी खाली पाहून दिसलेली वस्तू नकाशात शोधू लागले, तर १:५,००,००० प्रमाणाच्या नकाशावर ती कुठेतरी सापडतेच! आम्हांला याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: हे शेजारचे गाव असते, तर काय वेगळे दिसले असते? धावपट्ट्या एक की दोन? इमारती पूर्वेला की पश्चिमेला? विमानतळाची उंची किती? समान खुणा शंभर मोजल्या तरी दोन गावांपैकी कोणते हे ठरत नाही. वेगळी असणारी एक खूण ते ठरवते. रसायनशास्त्राच्या तासाला दोन पांढरी चूर्णे ओळखायला दिली, तर आपण रंग पाहत बसत नाही.

सगळा भार वैमानिकाच्या डोक्यावर न टाकता जमिनीवरच नाव लिहिण्याचे प्रयत्नही झाले. १९३५ च्या सुमारास अमेरिकेत फीबी ओम्ली या महिला वैमानिकाच्या पुढाकाराने छपरांवर गावांची नावे मोठ्या अक्षरांत रंगवण्याची मोहीम निघाली. त्या कामावर नेमलेल्या वैमानिकही स्त्रियाच होत्या. महायुद्धात शत्रूला वाट सापडू नये म्हणून किनाऱ्यांजवळची बरीच नावे पुसावी लागली! लंडनमध्ये ऑक्टोबर १९६० मध्ये पॅन अ‍ॅम कंपनीचे बोइंग ७०७ हीथ्रोऐवजी नॉर्थोल्टच्या हवाई दलाच्या तळावर उतरले. दोन्ही ठिकाणांच्या वाटेवर गॅसच्या मोठ्या टाक्या होत्या आणि त्या एकमेकींसारख्या दिसत. पुढे एकीवर नॉर्थोल्टची आद्याक्षरे आणि दुसरीवर लंडन-हीथ्रोची, बाणासहित, रंगवण्यात आली.

आता उपग्रहांवरून जागा सांगणारी यंत्रे आली आहेत, तेव्हा हा प्रश्न संपला असे वाटेल. २० नोव्हेंबर २०१३ च्या रात्री बोइंगचे ड्रीमलिफ्टर हे अवाढव्य मालवाहू विमान कॅन्ससमधल्याच विचिटा शहराजवळच्या मॅकॉनेल तळाकडे येत होते. या शहराच्या पूर्व भागात उत्तरेकडून दक्षिणेकडे पाहत गेले, तर जबारा, बीच आणि मॅकॉनेल अशा तीन विमानतळांच्या जवळजवळ समांतर धावपट्ट्या लागतात. समोर दिवे दिसले आणि विमान उतरले ते जबाराला, मॅकॉनेलच्या सुमारे १३ कि.मी. अलीकडे आणि त्याच्या निम्म्या लांबीच्या धावपट्टीवर. ते सुरक्षित थांबले आणि दुसऱ्या दिवशी उडून मॅकॉनेलला गेले. पण उतरल्यावर मनोऱ्याशी झालेले बोलणे पाहण्यासारखे आहे. आपण चुकीच्या ठिकाणी उतरलो हे वैमानिकाने कबूल केले आणि हे ठिकाण बीच असावे असे सांगितले. जबाराच्या जमिनीवर उभे असतानाही त्यांना जागा नक्की व्हायला बरीच विचारपूस करावी लागली.