हात थरथरत नाही, तरी पार्किन्सन असू शकतो का?

असू शकतो. पार्किन्सनच्या दर दहा रुग्णांपैकी दोन-तीन जणांना सुरुवातीला कंप नसतोच. गावाकडे नेमके हेच निसटतात, कारण आपल्याकडे हा आजार 'कंपवात' म्हणून ओळखला जातो.

मुख्य लक्षण आहे हालचालींतला मंदपणा. मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, म्हणून तो येतो. अहिल्यानगरमधल्या शेतकरी घरात तो असा दिसेल: गाईची धार काढताना एकाच हाताची बोटं लवकर दमतात. चालताना तो हात हलत नाही. सही बारीक होत जाते आणि बँक 'जुळत नाही' म्हणून कागद परत करते. चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, घरचे म्हणतात, "आबा रुसलेत." खांदा धरला म्हणून महिनोन्‌महिने मालिश चालते. वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणं किंवा हातपाय झाडणं तर कित्येक वर्षं आधीपासून असू शकतं. आजार बहुधा एका बाजूने सुरू होतो, ही मोठी खूण. नुसतं म्हातारपण असं एक बाजू धरून येत नाही.

निदान न होणं किती सर्रास असतं? टांझानियात किलिमांजारोजवळच्या हाय जिल्ह्यात घरोघरी पाहणी झाली. २००८ मध्ये तिचे निष्कर्ष आले: सुमारे १ लाख ६१ हजार लोकांत ३३ रुग्ण. त्यातल्या बहुतेकांना आजाराचं नावही कुणी सांगितलं नव्हतं. मुंबईच्या पारशी समाजात १९८८च्या अभ्यासात हेच प्रमाण लाखामागे सुमारे ३२८ होतं. या फरकात वयाचा वाटा मोठा, कारण पारशी समाजात वृद्ध जास्त.

अशीच लक्षणं काही औषधांमुळेही येतात. चक्करवरची सिनारिझिन, अर्धशिशीवरची फ्लुनारिझिन, पोटासाठीची लेव्होसल्पिराइड. अशी गोळी जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं आणली जात असेल, तर आधी डॉक्टरांना ती दाखवा. कारण तीच निघाली, तर ती बंद केल्यावर बहुतेकांची लक्षणं हळूहळू ओसरतात.

पार्किन्सन पक्का करणारी रक्ततपासणी रोजच्या वापरात नाही, एमआरआयही बहुधा नॉर्मल येतो. डॉक्टर हालचाल बघून ठरवतात. अकोले तालुक्यातल्या डोंगरातून नगरला यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, तेव्हा ती फेरी फुकट जाऊ नये. चालतानाचा, उठतानाचा मोबाइल व्हिडिओ आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

उपचारात लेव्होडोपा सर्वात उपयोगी. खाजकुइलीच्या बियांतही ते असतं, पण चूर्णात किती हे कळत नाही, म्हणून गोळीवर ते परस्पर घेऊ नका. गोळीही अचानक बंद करू नका. ती जेवणाच्या अर्धा तास आधी, पाण्याबरोबर घ्यावी. प्रथिनांमुळे तिचं शोषण कमी होतं. त्यामुळे दुधाच्या या जिल्ह्यात गोळी दुधाच्या पेल्याबरोबर देण्याची सवय मात्र मोडावी लागते.