‘भाकरी खाल्लीस का?’ : एका वाक्याच्या आधारे पोलिश आणि मराठी भूतकाळ

महाड-पोलादपूरच्या परिसरात भात सावित्रीकाठच्या सखल खाचरांत पिकतो आणि नाचणी व वरी डोंगरउतारावर. तेथील कोणत्याही घरात दिवे लागण्याच्या सुमारास आई लेकीला विचारते : ‘भाकरी खाल्लीस का?’ हे वाक्य व्याकरणाच्या तासाला आले की विद्यार्थी त्याला ‘कर्तृ-कर्मसंकर प्रयोग’ असे नाव देतो, उत्तर बरोबर ठरते आणि तास पुढे सरकतो. संकर कशाचा आणि कशाशी झाला, हे मात्र क्वचितच विचारले जाते. मराठी विभागांतून प्रयोगविचार बहुधा असाच शिकविला जातो. संज्ञा पाठ होते. वाक्य होते तेथेच राहते.

स्वतःच्या भाषेतील अतिपरिचित रूप पाहण्यासाठी कधीकधी दूरच्या भाषेचा आरसा लागतो. येथे पोलिश भाषा घेतली आहे. ही भाषा महाराष्ट्राला अगदीच अनोळखी नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. सोव्हिएत प्रदेशात हद्दपार झालेली आणि इराणमार्गे हिंदुस्थानात पोचलेली ही मंडळी प्रामुख्याने स्त्रिया व मुले होती. त्यांच्या शाळाही पोलिश माध्यमाच्या होत्या. महाडच्या आईचा प्रश्न तेथील आईने विचारला असता, तर पाव हे अन्न धरून तो असा झाला असता : ‘चि झ्याद्वाश ख्लेप?’

यातील ‘चि’ म्हणजे आपला ‘का’. फरक इतकाच की तो वाक्याच्या आरंभी येतो. ‘ख्लेप’ म्हणजे पाव, पुल्लिंगी. आरंभीचा ‘झ्’ हा क्रियेची पूर्तता दाखविणारा उपसर्ग आहे. खरी मौज उरलेल्या रूपात आहे. ‘याद्वाश’मधील ‘वा’ लिहिताना तिरप्या रेघेने छेदलेल्या ल-अक्षराने लिहितात. पूर्वी त्याचा उच्चार ल-कारासारखाच होता, आज तो व-कारासारखा होतो. पुरुषांविषयीच्या अनेकवचनात, ‘झ्येद्ली’ या रूपात, मूळचा ‘ल’ अजून स्पष्ट ऐकू येतो. म्हणजे पोलिश भूतकाळही मराठीप्रमाणे ल-काराचा आहे. तो होता, ती होती, ते होते यांस पोलिशमध्ये बिव, बिवा, बिवो. तृतीय पुरुषात दोन्ही भाषांना पुरुषवाचक प्रत्यय नाही, केवळ लिंगवचन आहे. द्वितीय पुरुषात मात्र मराठी ‘स’ जोडते आणि पोलिश ‘श’.

या साम्याने भुलून जाऊ नये. मराठीतील ‘ल’ची पूर्वपीठिका प्राकृतातील ‘इल्ल’ प्रत्ययात शोधली जाते : संस्कृत ‘गत’ला तो लागून ‘गेला’. झ्यूल ब्लॉक यांच्या मराठीविषयक ग्रंथापासून (१९२०) ही चर्चा चालू आहे. पोलिश ‘ल’ स्लाव्ह भाषांच्या स्वतंत्र परंपरेतून आला. तेव्हा एका ल-काराने दुसऱ्याला जन्म दिला असे नव्हे. ‘स’ आणि ‘श’ यांचे नाते मात्र अधिक जवळचे दिसते. पोलिश ‘श’ हा ‘तू आहेस’ या अर्थाच्या जुन्या ‘येश’ या क्रियारूपाचा झिजलेला अवशेष आहे आणि ‘येश’ म्हणजे संस्कृत ‘असि’चा भाऊबंद. मराठी ‘स’ जुन्या मराठीतील ‘करिसी’मधल्या द्वितीय पुरुषी प्रत्ययाशी जोडला जातो.

भेद आहे तो ल-रूप कोणाशी जुळते यात. स्लाव्ह धातुसाधित कर्तरी अर्थाचे होते. त्यामुळे लेकीला विचारताना ‘झ्याद्वाश’, मुलाला विचारताना ‘झ्याद्वेश’. खाण्याचा पदार्थ पुल्लिंगी असो वा स्त्रीलिंगी, क्रियापदास त्याची दखल नाही. पदार्थ स्वतःच आपले कर्मत्व दाखवितो : ‘झूपा’ (सूप) हे स्त्रीलिंगी नाम कर्म झाले की ‘झूपे’ होते. मराठीने सकर्मक धातूंच्या बाबतीत संस्कृत कर्मणी धातुसाधिताचा वारसा चालविला. म्हणून भाकरी जशीच्या तशी राहते आणि क्रियापद तिचे लिंग घेते. लेकीच्या जागी मुलगा असला तरी प्रश्न ‘खाल्लीस’ असाच राहतो. भाकरीच्या जागी भात आला तर मात्र ‘खाल्लास’. मराठी क्रियापद श्रोत्याचे लिंग सांगत नाही, ताटातील अन्नाचे सांगते.

आता संकराकडे वळता येईल. ‘खाल्लीस’मधील ‘ली’ भाकरीची आणि ‘स’ ‘तू’चा. हे दोन घटक एकमेकांत मिसळलेले नाहीत, एकावर एक बसविलेले आहेत. पोलिशमध्ये हा सांधा उघडा दिसतो, कारण तेथे पुरुषवाचक प्रत्यय क्रियापद सोडून दुसऱ्या शब्दाला चिकटू शकतो. ‘तुम्ही कुठे होतात?’ हे ‘ग्जे बिलिश्चे?’ असे विचारता येते, तसेच ‘ग्जेश्चे बिली?’ असेही, दुसऱ्या वाक्यात ‘श्चे’ हा प्रत्यय ‘कुठे’ या अर्थाच्या शब्दावर जाऊन बसला आहे. मराठीत इतकी मोकळीक नाही. परंतु वाक्य नकारार्थी करून पाहावे : ‘तू भाकरी खाल्ली नाहीस.’ लिंगदर्शक ‘ली’ जागच्या जागी राहिली आणि ‘स’ उठून ‘नाही’वर गेला. ‘नाही’ स्वतः पुरुषप्रत्यय घेणारे क्रियारूप असल्याने ते स्वाभाविकच आहे. पण दोन्ही जुळण्या वेगळ्या आहेत, याला याहून सोपा पुरावा वर्गात देता येणार नाही. ‘संकर’ ही संज्ञा नेमका हाच पुरावा झाकते. ती टाकून द्यावी असे नव्हे (परीक्षा आहेत तोवर ती राहीलच), परंतु तिच्या आधी नकाराची ही कसोटी फळ्यावर यावी.

पोलिशच्या रीतीने चालणारे वाक्यही त्याच घरात आहे. ‘जेवणे’ हा धातू ‘भात जेवणे’ असे कर्म घेऊ शकतो, तरी भूतकाळात कर्त्याशीच जुळतो. बोलणे, शिकणे, विसरणे यांचीही हीच गत. तेव्हा पोलादपूरची आई ‘भाकरी खाल्लीस का?’ असे विचारते तेव्हा तिच्यासमोर मुलगा आहे की मुलगी हे क्रियापदावरून कळत नाही. तीच ‘जेवलीस का?’ असे विचारते तेव्हा मात्र क्रियापदातील ‘ली’ लेकीची असते, ‘झ्याद्वाश’मधल्या ‘वा’सारखी.